कालचे कालवण

सुरगाण्याच्या कॉलेजात नोकरी मिळाल्याचे मी घरी सांगितले, तेव्हा आईने पगार विचारला नाही की बिऱ्हाडाची सोय विचारली नाही. तिने विचारले, "थंय मासे गावतत काय रे?"

आई वेंगुर्ल्याची. तिच्या प्रश्नाचे खरे उत्तर मी दिले असते, तर ती आमच्याबरोबर आलीच नसती. सुरगाणे हा नाशिक जिल्ह्याचा गुजरातच्या हद्दीला टेकलेला तालुका. १९४८ साली विलीन होईपर्यंत हे एक चिमुकले संस्थान होते. नकाशावर पट्टी ठेवली तर इथून वलसाडचा समुद्र सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरच भरतो. पण मधले डोंगर आणि वळणे पट्टीला ठाऊक नसतात. आमच्याकडे मासळी येते ती उलट्या दिशेने, नाशिकहून, वणीवरून, नव्वदएक किलोमीटर. पावसाळ्यात ओहोळातले खेकडे मिळतात, नदीचे मासे मिळतात, आठवड्याच्या बाजारात सुकट आणि बोंबील मिळतात. त्यांवर आई दिवस काढते. परंतु ताज्या बांगड्याचे नाव निघाले, की तिचा चेहरा माहेरची आठवण आल्यासारखा होतो.

हे सारे एवढ्यासाठी सांगितले, की ज्या घरात समुद्राची मासळी वर्षातून चार-सहा वेळा येते, त्या घरात ती उरली तर टाकून द्यायला कुणाचा हात धजत नाही. गेल्या वर्षी आमच्यावर जो प्रसंग आला, त्याचे मूळ या न धजणाऱ्या हातात आहे. आणि प्रांजळपणे सांगायचे तर तो हात माझा होता.

दसरा होऊन गेला होता, दिवाळी यायची होती. ऑक्टोबरचे ऊन मी म्हणत होते. शनिवारी संध्याकाळी नाशिकचे मेहुणे सहकुटुंब आले ते थर्मोकोलच्या पेटीत बर्फात पुरलेले पंचवीस बांगडे घेऊन. आईने पेटीचे झाकण उघडले, एका बांगड्याचे कल्ले वर करून पाहिले आणि काहीही न बोलता कमरेला पदर खोचला. यापरते प्रशस्तिपत्र मेहुण्यांना कधी मिळाले नसेल. काही बांगडे तळले आणि बाकीच्यांचे तिरफळे घातलेले, कोकमाचे, अंगाबरोबर रस असलेले कालवण झाले. सगळे पोटभर जेवलो. तरी टोपात अर्धे कालवण राहिलेच.

माझी नऊ वर्षांची मुलगी काट्यांना भिते. तिच्यासाठी मी दोन बांगड्यांचे काटे काढून दिले. तिने एकच खाल्ला. दुसरा मी हातानेच परत टोपात सोडला. त्या हाताच्या एका बोटाला आठवड्यापूर्वी विळीवर नारळ खवताना कापले होते, आणि जखमेने पू धरला होता. पट्टी होती, ती जेवायला बसताना काढून ठेवली होती. दहाच्या सुमारास वीज गेली. फ्रीज आधीच भरलेला, टोप मोठा, सगळे दमलेले. "सकाळी बघू," असे मीच म्हणालो.

सकाळी मेहुणे परत निघाले, त्यांच्याबरोबर पत्नी दिवाळीच्या खरेदीला नाशिकला गेली. घरात मी, आई आणि मुलगी. दुपारी एकच्या सुमारास मी तो टोप गॅसवर चढवला. वास घेऊन पाहिला; उत्तम होता. दहा मिनिटे चांगले खळखळून आधण आणले. आदल्या दिवसापेक्षा ते कालवण मुरून अधिक रुचकर लागले, हेही नमूद करतो. कारण यातच सगळी फसगत आहे.

साडेतीनला मुलीला पहिली उलटी झाली. पाठोपाठ मला, आणि मग आईला. पाच वाजेपर्यंत घरात उभे राहील असे कुणी उरले नव्हते. शेजारच्या मावशींनी आवाज ऐकला. त्यांनी लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजायला सुरुवात केली, आणि आपल्या मुलाला जीप आणायला पिटाळले. मुलगी रात्रीपर्यंत सावरली. आईचे वय अठ्ठ्याहत्तर. दवाखान्यात पोहोचेपर्यंत तिचे हातपाय गार पडले होते, रक्तदाब इतका उतरला होता, की सलाईन लावण्यासाठी शीर सापडेना. पत्नी नाशिकहून पणत्या आणि रांगोळीचे रंग घेऊन परतली ती थेट दवाखान्यात. ती रात्र आम्ही दोघांनी त्या खाटेशेजारी कशी काढली, ते लिहिणार नाही.

दुसऱ्या दिवशी आई उठून बसली तेव्हा तरुण डॉक्टर माझ्याशी बोलायला बसले. मी आपले पुन्हा पुन्हा तेच सांगत होतो, की डॉक्टर, मी चांगले दहा मिनिटे उकळले होते हो.

"सर, उकळलंत ते ठीक केलंत," ते म्हणाले. "पण उकळेपर्यंत सोळा तास ते भांडं काय करत होतं?"

मग त्यांनी माझे बोट पाहिले आणि मान हलवली. प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही, असे ते म्हणाले. पण शनिवारी रात्री तेच मासे सगळ्यांनी खाल्ले आणि कुणाला काही झाले नाही, रविवारी दोन-अडीच तासांत उलट्या सुरू झाल्या, ताप नाही, त्यावरून त्यांचा संशय मासळीवर नव्हता, माझ्या बोटावर होता. पिकलेल्या जखमेत, नाकात, घशात स्टॅफिलोकोकस नावाचे जंतू वस्तीला असतात. शिजलेल्या अन्नात ते पडले आणि अन्न कोमट राहिले, तर वाढता वाढता ते अन्नात एक विष सोडतात. नंतर आधण आणले की जंतू मरतात. विष मरत नाही. ते अर्धा तास उकळले तरी टिकून राहते.

मी मराठीचा मास्तर; गणिताशी माझे फारसे सख्य नाही. तरी त्या रात्री मी कागद घेऊन बसलो. अर्ध्या तासाला एकाचे दोन असे धरले, तरी सोळा तासांत बत्तीस वेळा दुप्पट; म्हणजे एका जंतूचे कागदावर सव्वाचारशे कोटींच्या वर होतात. प्रत्यक्षात तेवढे होत नाहीत, त्यांनाही दाटी होते, अन्न संपते. परंतु तीन माणसांना आडवे करायला त्याचा कितवा तरी हिस्सा पुरतो.

यानंतर मला आपल्या भाषेचे एक नवल वाटू लागले. अन्न बिघडण्याला मराठीत किती शब्द असावेत! दूध नासते, भाजी आंबते, भाताला तार सुटते, भाकरी बुरसते, खोबरे खवट होते, बिनकल्हईच्या पितळेत आंबट पदार्थ कळकतो, मासळी कुजते, आणि नुसतेच मन उडावे असे झाले की ते विटते. प्रत्येक शब्दामागे कुणा एका आजीचे नाक, जीभ किंवा डोळे उभे आहेत. पण जे बिघडले आहे आणि तरी नाकाला, जिभेला, डोळ्यांना पत्ता लागू देत नाही, त्याला शब्द नाही. माझ्या टोपातले कालवण विटलेले नव्हते, आंबलेले नव्हते. ते नुसते विषारी होते. वास घेऊन पाहण्यावर आपला केवढा भरवसा! पण तो वास दुसऱ्याच जंतूंचा असतो.

या विषयावर मी पुढे जे मिळेल ते वाचले. त्यात १९५० सालच्या ऑक्टोबरात जपानमधल्या ओसाका शहरात घडलेली हकीगत फार बोलकी आहे. तिथे शिरासु नावाचा पदार्थ आवडीने खातात. सार्डिनची, म्हणजे आपल्या तारलीच्या भाऊबंदांची, बारीक पिले उकडून अर्धवट वाळवलेली असतात. ती खाऊन २७२ माणसे आजारी पडली आणि २० दगावली. ओसाका विद्यापीठाच्या फुजिनो यांनी त्या मासळीतून आणि मृतांच्या शरीरातून एक नवाच जंतू शोधून काढला. आज तो व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस या नावाने ओळखला जातो. हा पटकीच्या जंतूचा चुलतभाऊ, खाऱ्या पाण्यात राहणारा. आणि उबेत तो दहा-बारा मिनिटांत दुप्पट होतो. चांगल्या आधणाने तो मरतो. मग शिजलेल्या मासळीत तो येतो कुठून? बहुधा कच्च्या मासळीच्या ताटातून, सुरीतून, ओट्यावर सांडलेल्या पाण्यातून. आपल्याकडेही कच्चे बांगडे ज्या परातीत धुतले, त्याच परातीत वरवर पाणी मारून तळलेल्या तुकड्या काढल्या जातात. मी हे पाहिले आहे; तुम्हीही पाहिले असेल.

बांगड्याची स्वतःची एक वेगळी खोड आहे. बांगडा, तारली, कुपा या मासळीच्या अंगात हिस्टिडिन नावाचे द्रव्य पुष्कळ असते. मासा बर्फाविना राहिला, की जंतू त्याचे हिस्टामिन बनवतात. तो खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होते, डोके ठणकते, अंगाला खाज सुटून गांधी उठतात. "बांगडा उष्ण पडला, अंगावर पित्त उठलं," असे आपण म्हणतो आणि बिचाऱ्या माशाच्या प्रकृतीला दोष देतो. दोष बहुतेक वेळा बर्फाचा असतो. हे हिस्टामिनही शिजवून जात नाही, तळून जात नाही, वाळवूनही जात नाही. त्याच जपानात १९७३ साली सुकवलेल्या बांगडेवजा मासळीने अडीच हजारांवर माणसांना ही बाधा झाली होती. तेव्हा कालवण उरवायचे की नाही हा प्रश्न पुढचा. आधी मासा बाजारापासून चुलीपर्यंत बर्फात होता का, हे विचारावे. मेहुण्यांची पेटी या परीक्षेत उत्तीर्ण झाली होती.

आई घरी आल्यावर चार दिवस माझ्याशी फारसे बोलली नाही. पाचव्या दिवशी पेज पिता पिता म्हणाली, "रात्री आधण दिलंस काय?"

"नाही. दुपारी दिलं."

"आणि हात कित्याक घातलंस भांड्यात? माका इचारलंस?"

मग तिने जे सांगितले, ते ऐकून मी चकित झालो. आम्हां शहरात वाढलेल्या मुलांनी तिच्याकडून एकच वाक्य उचलले होते: आधण दिले की मासळी बाधत नाही. वेंगुर्ल्याच्या तिच्या घरी हा नियम एवढासा नव्हता. कालवण मडक्यात व्हायचे. वाढायचे ते कोरड्या पळीने, आणि वाढणारीने जेवता हात मडक्याला लावायचा नाही. पानातले काही परत मडक्यात जायचे नाही, ते कुत्र्या-मांजरांचे. जेवणे आटोपली, की लगेच मडके पुन्हा निखाऱ्यांवर ठेवायचे, कढ आला की झाकण ठेवायचे, आणि ते झाकण सकाळपर्यंत कुणी उघडायचे नाही. पहाटे चूल पेटली की दुसरा कढ. मग न्याहारीला पेजेबरोबर ते संपवायचे. दुपारसाठी ठेवायचे नाही. आणि तिसऱ्यांचे कालवण असेल तर यातले काहीच नाही, त्या त्याच जेवणात संपल्या पाहिजेत.

गोव्यात 'कालची कोडी' म्हणून जो प्रकार आवडीने खातात, तोही याच कुळातला. रात्रीच्या आमटीतला उरलेला रस मंद विस्तवावर आटवून आटवून घट्ट करतात आणि सकाळी पावाबरोबर किंवा पेजेबरोबर खातात. आटल्याने पाणी कमी होते, मीठ आणि आंबट वाढते. जंतूंना हे तिन्ही मानवत नाही. कोकम काय, चिंच काय, चवीला आणि रंगाला आहेतच, पण राखणीलाही आहेत.

आईचा नियम मी डॉक्टरांना सांगितला. त्यांनी अर्धे गुण दिले. न उघडता ठेवलेले झाकण, कोरडी पळी, रात्रीचा कढ, हे सगळे त्यांना पसंत पडले. मात्र काही जंतू बीजरूपाने कढातूनही वाचतात, आणि मोठे भांडे रात्रभर हळूहळू निवत गेले की तीच बीजे उबेला जागी होतात. भाताचे तसेच. माशाच्या कालवणाला नावे ठेवणारे आदल्या रात्रीचा बाहेर राहिलेला भात सकाळी निःशंकपणे फोडणीला टाकतात. पण त्यातला जंतू जे विष सोडतो, तेही फोडणीला दाद देत नाही. वेंगुर्ल्याला फ्रीज नव्हता, म्हणून आईचा नियम होता. ज्या घरी फ्रीज आहे, त्यांनी तो वापरावा. फक्त पळीचा आणि हाताचा भाग मुळीच सोडू नये.

फ्रीज वापरण्याची सुद्धा एक रीत आहे, आणि ती आमच्या घरी कुणालाच ठाऊक नव्हती. शिजलेले अन्न पाच अंशांच्या खाली किंवा साठ अंशांच्या वर असावे. मधला प्रदेश जंतूंचा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. खोलीतल्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि आमच्या ऑक्टोबरसारखा उकाडा असेल तर एकच तास. "गरम भांडे फ्रीजमध्ये ठेवू नये" हा उपदेश आपण इतका मनावर घेतो, की भांडे निवण्याची वाट पाहता पाहता झोपी जातो. त्याऐवजी आता आम्ही जेवायला बसण्यापूर्वीच, उरेल असे वाटते तेवढे कालवण स्वच्छ पळीने दोन-तीन उथळ डब्यांत काढतो, डबे परातीतल्या गार पाण्यात ठेवतो, आणि जेवणे होईपर्यंत ते फ्रीजमध्ये जाण्याजोगे होतात. मोठा टोप तसाच आत कोंबला, तर बाहेरून गार लागतो आणि मधोमध कित्येक तास कोमट राहतो.

वीज गेली तर? हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या वाचकांना गौण वाटेल. सुरगाण्याच्या पावसाळ्यात तोच मुख्य आहे. दार न उघडता बंद फ्रीज सुमारे चार तास गार राहतो. दर दहा मिनिटांनी उघडून "गार आहे ना" म्हणून पाहणाऱ्यांच्या घरी तेवढाही राहत नाही. आम्ही पाण्याच्या दोन बाटल्या गोठवून ठेवतो आणि वीज गेली की त्या डब्यांशेजारी सरकवतो. रात्रभर वीज आली नाही तर मासळीचा डबा सकाळी उकिरड्यावर जातो. आई तेव्हा खिडकीकडे तोंड करून बसते.

किती दिवस ठेवावे याबद्दल मोठ्यांत एकमत नाही. अमेरिकेतले सरकारी खाते तीन-चार दिवस म्हणते, इंग्लंडमधले दोन दिवस. माझे मत, आपल्या हवेत आणि आपल्या विजेच्या भरवशावर इंग्लंडचे ऐकावे. आणि घरात तान्हे मूल, गर्भारशीण किंवा म्हातारे माणूस असेल तर दुसऱ्याच जेवणाला संपवावे. बर्फाच्या कप्प्यात ते अधिक टिकते, पण तिथे जंतू मरत नाहीत, निजतात. बाहेर काढून ओट्यावर वितळवले तर ते तुमच्याआधी जागे होतात. म्हणून आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवून ठेवावे.

गरम करताना हवे तेवढेच काढावे. सगळा डबा कढवून उरलेला पुन्हा आत, पुन्हा बाहेर, असे करू नये, एकदाच. रसाला खळखळून उकळी यायला हवी आणि तुकड्याच्या मध्याशी सत्तर अंश. पण बांगड्याच्या तुकड्यांसकट पाच-दहा मिनिटे ढवळत बसलात तर त्याचा चुरा होईल, आणि कोळंबी रबरासारखी चिवट होईल. आमच्या घरी आता आधी तुकडे हलकेच बाजूला काढतात, रसाला कढ आणतात, मग तुकडे सोडून झाकण ठेवतात आणि ते आतपर्यंत वाफाळले की उतरवतात. नारळाचे दूध घातलेले असेल तर ते फुटेल. फुटू द्यावे, दिसण्यापुरतेच वाईट आहे. सोलकढी मात्र उकळता येत नाही, तेव्हा ती उरवूच नये. तळलेली तुकडी तव्यावर, आधी झाकून आणि मग उघडी. मायक्रोवेव्हमध्ये एक बाजू जीभ भाजण्याइतकी तापते आणि दुसरी फ्रीजइतकी गार राहते. तो वापरलाच तर झाकावे, मध्ये एकदा हलवावे आणि काढल्यावर दोन मिनिटे थांबावे.

हे सगळे शास्त्र मी एकदा स्टाफरूममध्ये मोठ्या उत्साहाने सांगत होतो. माझा एक विद्यार्थी, इथल्याच एका पाड्यावरचा, वह्या द्यायला आला होता. तो ऐकून हसला. "सर, आमच्याकडं उरतच नाही," म्हणाला. पावसात धरलेले खेकडे त्याच रात्री नागलीच्या भाकरीबरोबर संपतात; जास्त मासे मिळाले तर शिजवण्यापूर्वीच चुलीवरच्या धुरात सुकायला जातात. म्हणजे उरवायचे ते कच्चे असताना, सुकवून. शिजवले की संपवायचे. शेजारच्या मावशींची रीत हीच आहे, असे मग माझ्या ध्यानात आले. त्यांच्या घरी फ्रीज आहे. त्यात त्या पाण्याच्या बाटल्या आणि मुलांचे आइस्क्रीम ठेवतात.

यंदा मेहुणे पुन्हा आले. पेटी आली, आईने पदर खोचला, मी दूर अंगणात खुर्ची टाकून बसलो. माझे बोट केव्हाच बरे झाले आहे. परंतु स्वयंपाकघरात माझी पत अजून सुधारलेली नाही. रात्री पाणी प्यायला फ्रीज उघडला, तर उथळ डब्याच्या झाकणावर मुलीच्या अक्षरात चिठ्ठी डकवलेली होती: "बांगडा. शनिवार, रात्री ८-४०. सोमवारी दुपारपर्यंत. बाबांनी हात लावलेला नाही."